वाऱ्याच्या तोंडावर

खानदेशातल्या माणसाने शिडाच्या होडीविषयी लिहावे, याची वाचकांना थोडी गंमत वाटेल. आमच्या धुळ्याची पांझरा पावसाळ्यात डोळे वटारते आणि उन्हाळ्यात वाळू दाखवते. जळगावकडे गिरणेचीही तीच तऱ्हा. पण वारा आम्हांला नवा नाही. खळ्यावर धान्य उफणणारा शेतकरी वारा कुठून येतो ते गालानेच ओळखतो. मुंबईच्या बंदरात शर्यतीच्या होडीत बसू लागलो, तेव्हा हीच विद्या मला उपयोगी पडली.

गावी गेलो की जो तो विचारतो, "वाऱ्याबरोबर होडी जाते हे समजले; पण उलट कशी हो जाते?" मी त्याला चाळीसगावहून कन्नडला जाणाऱ्या घाटाची आठवण देतो. तिथे गाडी डोंगरावर सरळ चढत नाही, वळणे घेत चढते. होडीही वाऱ्याच्या तोंडापासून साधारण ४५ अंश बाजूला, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, अशी चढते. शीड पक्ष्याच्या पंखासारखी ओढ लावते आणि पाण्यात सोडलेली फळी होडीला आडवी घसरू देत नाही. सरळ एका मैलासाठी तिला सुमारे १.४ मैल चालावे लागते.

आमची होडी फायरबॉल जातीची. पीटर मिल्न या इंग्रज गृहस्थांनी १९६२ साली तिचा आराखडा केला. बसणारे दोघे, त्यांतला एक तारेला लोंबकळून बाहेर. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या नौकाशर्यती मुंबईत झाल्या, तेव्हा फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी याच जातीच्या होडीवर सुवर्णपदक मिळवले. आमची मात्र म्हातारी. वाऱ्याबरोबर ती तरुणांना दाद देत नसे. वारा चढताना मागे पडे. "विकून टाका" हा सल्ला फुकट मिळे. पण होडीबरोबर आम्हां दोघा मित्रांचे रविवारही विकले गेले असते!

मग एकेक दुखणे शोधले. जुन्या शिडाचे कापड सैल होते, त्याचा फुगा खोल होऊन मागे सरकतो आणि होडी पुढे जाण्याऐवजी कलते. डोलकाठीलगतची कड खाली ताणली की फुगा पुढे येतो. पुढच्या शिडाची तार झोल खात होती, ती ताठ केली. फटीत खुळखुळणारी फळी पट्ट्या लावून घट्ट बसवली. तळ घासून गुळगुळीत केला, आत मुरलेले पाणी वाळवून ओझे उतरवले.

सर्वांत मोठी सुधारणा मात्र बिनपैशाची, सुकाणूवरच्या हाताची. मागे पडलेल्याला वाटते, नाळ वाऱ्याकडे आणखी वळवावी, वाट तेवढीच कमी होईल. तसे केले की शीड फडफडते, वेग मरतो. आणि वेग मेला की फळीचा आधारही जातो, होडी आडवी वाहू लागते. म्हणून नाळ आधी जराशी सोडायची, होडीला पळू द्यायचे आणि मगच हळूहळू वर घ्यायचे.

म्हातारी अजून पहिली येत नाही. पण वरच्या बोयाला वळसा घालताना ती आता घोळक्यात असते, आणि विकण्याचा सल्ला देणारेच विचारतात, "शीड नवे घेतलेत वाटते?"