रोजची ६,००० पावलं

बाबांच्या अँजिओप्लास्टीनंतर मीच त्यांना स्मार्टवॉच दिलं. टार्गेट रोज ६,००० पावलं! कमाटीबागेतल्या फेऱ्यांनी तब्येत खरंच सुधारली. गेल्या हिवाळ्यात मात्र ते अंगात ताप असतानाही निघाले. "अरे, तू रात्री आकडा बघतोस ना!" मी खजील झालो.

डॉक्टर म्हणाले, नियमित चालणं हृदयाला हवंच. पण फ्लूमध्ये त्याच्यावर आधीच ताण असतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात, फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट आढळलं होतं. म्हणून तापात विश्रांती, मग डॉक्टरांना विचारून हळूहळू सुरुवात आणि दरवर्षी फ्लूची लस.

त्या आठवड्यात आकडा जेमतेम ३०० दिसायचा. मी म्हणायचो, "बाबा, आजचं टार्गेट पूर्ण!"