तेरा आकडे

थायलंडमध्ये जन्माची नोंद झाली की बाळाला तेरा आकडी क्रमांक मिळतो आणि तो मरणाच्या दाखल्यापर्यंत साथ सोडत नाही. शाळेत, बँकेत, दवाखान्यात, मतदानाला, सगळीकडे तोच. त्यातला पहिला आकडा मोठा बोलका. १९८४ पासून जन्मलेल्या आणि वेळेत नोंद झालेल्या थाई माणसाचा क्रमांक एकने सुरू होतो. तात्पुरत्या वास्तव्यातल्या परदेशी माणसाला क्रमांक मिळालाच तर तो सहाने, कायमच्या रहिवाशाचा आठने, आणि ज्यांना कुठल्याच देशाने आपले म्हटलेले नाही अशा लोकांचा शून्याने. खिडकीमागच्या कारकुनाला समोरचा माणूस कितपत आपला, हे पहिल्याच आकड्यावरून कळते.

माझ्याकडे यातला एकही आकडा नव्हता आणि इतकी वर्षे त्यावाचून काही अडलेही नव्हते. नवऱ्याची बँकॉकमध्ये नोकरी, त्याच्या व्हिसाला टाचलेला माझा व्हिसा, दर ९० दिवसांनी ‘अजून याच पत्त्यावर राहतो’ अशी वर्दी इमिग्रेशनला द्यायची, एवढ्यावर संसार चालला होता. परदेशी माणसालाही इथे पिवळ्या रंगाचे घरपुस्तक आणि गुलाबी ओळखपत्र काढता येते. थाई लोकांचे घरपुस्तक निळे. पण त्यासाठी घरमालकाची संमती, साक्षीदार, भाषांतर करून शिक्के मारलेली कागदपत्रे आणि वर जिल्हा कचेरीतल्या साहेबांची मर्जी लागते. भाडेकरू माणसे त्या वाटेला सहसा जात नाहीत.

चीनबाहेरचा कोरोनाचा पहिला रुग्ण थायलंडमध्येच सापडला, १३ जानेवारी २०२० ला. तरीही या देशाने साथ अशी आवरून धरली की २०२१ च्या मार्चअखेरपर्यंत मृत्यूंचा आकडा शंभराच्या आत होता. मला वाटते, त्या यशानेच घात केला. लशीची घाई कुणाला वाटली नाही. लसवाटपाच्या कोव्हॅक्स या जागतिक योजनेत थायलंड गेला नाही. अ‍ॅस्ट्राझेनेका इथेच बनवू, तोवर चीनची सिनोव्हॅक आहेच, असा बेत होता. एप्रिलमध्ये बँकॉकमधल्या थोंगलोरच्या नाइट क्लबांतून तिसरी लाट उठली तेव्हा तो बेत अजून बेतच होता.

मे महिन्यात सरकारी अ‍ॅपवर नोंदणी उघडली. आधी साठीच्या पुढचे आणि ठरवून दिलेल्या सात आजारांपैकी एखादा असलेले. मला मधुमेह, म्हणजे आजाराने मी पात्र. अ‍ॅप उघडले तर पहिलीच चौकट तेरा आकड्यांची. आपल्या पासपोर्टच्या क्रमांकात सुरुवातीला इंग्रजी अक्षर असते. ते टंकले की चौकट लाल व्हायची. दवाखान्यात फोन केला तर तिथली मुलगी अतिशय गोड आवाजात म्हणाली, ‘अ‍ॅपवर नोंदणी करा ना, मॅडम.’

आता यात गंमत अशी की नकार कुणीच देत नव्हते. उलट, देशात राहणाऱ्या प्रत्येकाला, थाई असो वा परदेशी, लस मिळेल, असे सरकारी प्रवक्ते जाहीरपणे सांगत होते, आणि ते खोटे बोलत होते असे मला मुळीच वाटत नाही. निमंत्रण सगळ्या गावाला होते, पाने मात्र यादीबरहुकूम मांडलेली. तोंडावर ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येते, त्याच्या साहेबाकडे जाता येते, गयावया करता येते. लाल होणाऱ्या चौकटीपुढे काय करणार? ज्याने ती आखली त्याच्या मनात आपल्याविषयी आकसही नसतो. आखताना आपण त्याच्या डोळ्यांसमोरच नसतो.

जूनमध्ये नवऱ्याला लस मिळाली. तो सामाजिक सुरक्षेच्या कलम ३३ खाली विमा उतरवलेला नोकरदार. कंपनीने यादी पाठवली, त्याचा नंबर लागला. त्या कलमाला पासपोर्टचा रंग दिसत नाही, पगारातून कापलेले पैसे दिसतात. मी अवलंबित. एका छताखाली, एका फ्रिजमधले दूध पिणारी आम्ही दोघे, पण सरकारच्या वहीत तो कामगार आणि मी त्याचे सामान. (हे मी त्याला बोलून दाखवले. त्याला हसावे की नाही ते कळेना.)

पुण्याहून आईचा रोज फोन. तिला आणि बाबांना मार्चमध्येच कोव्हिशील्ड मिळाली होती. ‘लस इथे हडपसरला होते,’ ती म्हणायची, ‘आणि तू तिकडे ताटकळत बसलीस. कुणाबरोबर पाठवता येत नाही का गं?’ पापड-कुरडया जातात तशी लसही जावी, असे तिला मनापासून वाटत होते. पण भारतात तेव्हा दुसरी लाट होती. कोव्हिशील्ड बनवणाऱ्या सीरमची निर्यात थांबली होती आणि तिच्या भरवशावर बसलेले देश हात चोळत उभे होते. अशा वेळी दूतावासाने लस द्यावी, असे म्हणायला आमच्यातल्या कुणाचीही जीभ रेटली नाही. इतर देशांनी मात्र आपापल्या माणसांची सोय पाहिली. चीनने परदेशातल्या आपल्या नागरिकांसाठी मोहीमच काढली होती. फ्रान्सने जूनमध्ये थायलंडमधल्या आपल्या ५५ वर्षांवरच्या नागरिकांसाठी जॉन्सनची लस पाठवली. अमेरिकेने आपल्या नागरिकांसाठी वेगळी लस धाडायला नकार दिला, आणि इथे निवृत्तीनंतर येऊन राहिलेले अमेरिकन म्हातारे संतापले. आयुष्यभर कर भरले ते कशासाठी, असा त्यांचा सवाल होता.

सवाल चुकीचा नव्हता. वीस-वीस वर्षे इथे राहिलेले, थाई बायकामुले असलेले, इथेच मरायचे ठरवून आलेले ते लोक. बायकोचा नंबर लागतो आणि सत्तरीच्या नवऱ्याचा लागत नाही, हे कुठल्याही वैद्यकाच्या तर्कात बसणारे नाही. परदेशी लोकांसाठी म्हणून जूनमध्ये वेगळे संकेतस्थळ निघाले, तर पहिल्याच दिवशी त्यावरून लोकांची नावे आणि पासपोर्ट क्रमांक उघडे पडले. मग बांग स्यू या नव्या अवाढव्य रेल्वे स्थानकात, जिथून अजून नियमित गाड्या सुटायच्या होत्या, त्या फलाटांखालच्या लसीकरण केंद्रात जुलैमध्ये वृद्ध परदेशी रहिवाशांना घेऊ लागले. हळूहळू वाटा फुटत गेल्या. तेव्हा तरुण थाई मंडळीही लशीवाचून होती आणि सरकारवर चिडून रस्त्यावर उतरत होती, हेही सांगायला हवे. आम्हाला मागे ठेवून थाई लोक पुढे निघून गेले होते, असे चित्र नव्हते.

पण परदेशी रहिवाशांच्या त्या सगळ्या आरडाओरड्यात मला एक गोष्ट खटकत राहिली. ‘परदेशी लोकांवर अन्याय’ असे जे म्हटले जात होते, त्यातले परदेशी कोण? ब्रिटिश, जर्मन, ऑस्ट्रेलियन, जपानी, थोडे आमच्यासारखे भारतीय. थायलंडमधले बहुसंख्य परदेशी रहिवासी यांपैकी कुणीच नाहीत. ते म्यानमारचे, कंबोडियाचे, लाओसचे मजूर आहेत. नोंदणी झालेलेच वीस लाखांहून अधिक, बिननोंदणीचे वेगळे. ते कोळंबी सोलतात, रबराचा चीक काढतात, आम्ही राहायचो तशा तीस मजली इमारती बांधतात.

त्यांच्याकडे देशाचे लक्ष लशीच्या आधीच गेले होते, वेगळ्या कारणाने. डिसेंबर २०२० मध्ये बँकॉकजवळच्या समुत साखोनमधल्या कोळंबीच्या घाऊक बाजारात साथ उसळली. पहिली रुग्ण एक थाई विक्रेती होती, पण पुढे सापडलेले बहुतेक म्यानमारचे मजूर. बाजार आणि त्याभोवतीच्या त्यांच्या खोल्या काटेरी तारा ओढून बंद करण्यात आल्या. पंतप्रधानांनी चोरवाटांनी देशात शिरणाऱ्यांवर बोट ठेवले. मग एप्रिलमध्ये जी लाट आली ती क्लबांतून, महागड्या गाड्यांतून फिरणाऱ्या लोकांमधून. थोंगलोरला तार कुणी ओढली नाही. जूनच्या शेवटी पुन्हा पाळी मजुरांची. बँकॉक आणि भोवतालच्या प्रांतांतली बांधकामे महिनाभर बंद करून मजुरांच्या वस्त्यांना टाळे लावले गेले. एकट्या बँकॉकमध्ये अशा पाचशेहून अधिक वस्त्या.

आमच्याकडे कामाला येणारी बाई म्यानमारची, मॉलम्याइनकडची. तिचा नवरा अशाच एका वस्तीत अडकला. तो आत, ती बाहेर. पत्र्याच्या कुंपणाखालून ती त्याला भात आणि तापाच्या गोळ्या सरकवायची. तिकडे म्यानमारमध्ये फेब्रुवारीत लष्कराने सत्ता बळकावलेली, त्यामुळे गावी परत जाण्याचीही सोय उरली नव्हती. घरकाम करणाऱ्या बायका तेव्हा त्या कलम ३३ मध्ये बसत नव्हत्या, म्हणजे कायद्याच्या त्या एका ओळीपुरत्या ती आणि मी एकाच बाजूला. मी तिला विचारले, ‘तू लशीसाठी नाव दिलंस का?’

ती फरशी पुसता पुसता म्हणाली, ‘पी, नाव दिलं की पत्ता पण द्यावा लागतो.’

पी म्हणजे ताई. तिचे कार्ड एका मालकाच्या नावावर होते आणि कामे चार घरची. आजाराची तिला भीती वाटत नव्हती असे नाही. पोलीस आधी दिसत होते, विषाणू नंतर. माझी तक्रार अशी होती की सरकारला मी दिसत नाही. दिसणे परवडेल अशीच तिची परिस्थिती नव्हती. या दोन गोष्टी एकाच शब्दाखाली ‘परदेशी नागरिकांचा प्रश्न’ म्हणून मांडणे मला अप्रामाणिक वाटते.

थायलंडच्या बाजूनेही बोलायला हवे, कारण आरोग्याच्या बाबतीत हा देश कोता नाही. २००२ पासून इथे सर्व नागरिकांना जवळजवळ मोफत उपचार मिळतात. परदेशी मजुरांना, अगदी कागद नसलेल्यांनाही, पैसे भरून आरोग्य विमा कार्ड घेता यावे अशी योजना या देशाने आखली; भल्याभल्या श्रीमंत देशांनी तेवढेही केलेले नाही. जुलैच्या अखेरीस अमेरिकेने थायलंडला फायझरचे १५ लाख डोस दिले, तेव्हा त्यातले दीड लाख परदेशी रहिवासी आणि परदेशी जाणाऱ्या थाई लोकांसाठी बाजूला काढले. ऑगस्टमध्ये नवे संकेतस्थळ सुरू झाले. साठीच्या पुढचे, गरोदर बायका आणि त्या सात आजारांचे रुग्ण आधी. इथे चौकटीने माझा पासपोर्ट मुकाट्याने घेतला. पुण्याच्या मुलीला बँकॉकमध्ये अमेरिकेची लस टोचली गेली. आईने विचारले, ‘आपली नाही मिळाली?’

त्याच महिन्यात, ९ ऑगस्टला, भारत सरकारनेही देशात राहणाऱ्या परदेशी नागरिकांना पासपोर्ट दाखवून को-विनवर नोंदणीची मुभा जाहीर केली. गोव्यात घर करून राहिलेल्या म्हाताऱ्या युरोपीय लोकांची त्यामुळे सोय झाली असणार. कसलेच ओळखपत्र नसलेल्या भारतीयांसाठी, भटके, साधू, तुरुंगातले कैदी यांच्यासाठी, नियमावली त्याआधी मे महिन्यात निघाली होती. म्हणजे मोहीम जानेवारीत सुरू झाली आणि ओळखपत्र नसलेली माणसे आपल्या देशात राहतात हे कागदावर यायला मे उजाडला. थायलंडला नावे ठेवताना एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

वाईट याचे वाटते की आपल्याला हे काम येत होते. पल्स पोलिओच्या मोहिमेत मी स्वतः पुण्याच्या स्टेशनवर पाहिले आहे: निळी पेटी खांद्याला अडकवलेल्या बायका गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येक लहान पोराला थांबवायच्या. नाव, गाव, जात, कागद काही नाही. तोंड उघड, दोन थेंब, करंगळीला पेनची काळी खूण, चला पुढे. वीटभट्ट्यांवर, उसाच्या फडावर, बांधकामांवर, पालांवर असेच. पोर बिहारचे की नेपाळचे, हे विचारायला कुणाला सवड नव्हती, कारण मोजायची होती ती थेंब न मिळालेली पोरे, नागरिक नव्हेत. जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात सापडलेली मुलगी ही भारतातली नैसर्गिक पोलिओ विषाणूची शेवटची रुग्ण ठरली, आणि २७ मार्च २०१४ ला आपला देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. दहा वर्षांच्या आत आपणच ॲप काढले, ओटीपी मागितला आणि ज्याच्याकडे फोन नाही त्याला रांगेच्या बाहेर उभे केले. करंगळीच्या खुणेत फसवाफसवी होत असेल, एखाद्याला चार थेंब जास्त जात असतील. मला तो तोटा मान्य आहे. आरोग्याच्या कामात ओळख पटवण्यापेक्षा माणूस गाठणे महत्त्वाचे, आणि ज्या यंत्रणेला दोन्ही एकदम साधत नाही तिने ओळख सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या त्या बाईला पुढे लस मिळाली, बऱ्याच उशिरा, कागद न विचारणाऱ्या एका शिबिरात. आम्ही आता पुण्यात परत आलो आहोत. आमच्या सोसायटीमागे दोन टॉवर उठताहेत आणि तिथल्या पत्र्याच्या खोल्यांत ओडिशाची, बंगालची, नेपाळची कुटुंबे राहतात. अशी वस्ती तुमच्याही आसपास असणार. जाता-येता तिथल्या आयांना एकदा विचारा, पोरांच्या लशीची कार्डे आहेत का. नसतील तर भागातल्या आशाताईंना किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला फोन करून साइटचा पत्ता कळवा आणि लसीकरणाचा वार विचारून घेऊन तो त्या आयांना सांगा. गोवर, घटसर्प, पोलिओ या सगळ्यांच्या लसी सरकारी केंद्रात मोफत असतात.