अनणसुख

तथागतांनी अनाथपिंडिकास गृहस्थाची चार सुखे सांगितली. न्यायाने मिळविलेले धन जवळ असण्याचे अत्थिसुख, त्याचा उपभोग व दान घडण्याचे भोगसुख, कोणाचे देणे नसण्याचे अनणसुख आणि निर्दोष आचरणाचे अनवज्जसुख. वसतिगृहात वंदनेनंतर गुरुजींनी हे समजाविले, तेव्हा तिसरे सुख मला तत्काळ उमगले. कारण आमच्या घरात तेच नव्हते.

वडिलांची सोलापुरातील गिरणी बंद पडली होती. आई विड्या वळून घर चालवी. थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज दर आठवड्यास तिच्या मजुरीतून जाई. दारावर थाप पडली की वडिलांचा चेहरा उतरे. आईला लिहिता येत नसे. सुटीत घरी गेलो की ती सांगे व मी वहीत हिशेब मांडी. वर्षानुवर्षे रुपया-रुपया बाजूला पडत गेला. कर्ज फिटले तेव्हा मिळकत वाढलेली नव्हती. पण त्या रात्री वडील दार उघडे ठेवून शांत झोपले.

सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी, चौथा संकटकाळासाठी. मजुराच्या घरात पूर्ण चौथा भाग शिल्लक पडणे कठीण. आमच्याकडे विसावा भागही क्वचितच उरे. तरीही तो आधी काढून ठेवण्याची शिस्त घराला आधार देई.

प्रत्येक कर्ज मात्र दुःखाचे नसते. १९१८ साली सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झालेल्या बाबासाहेबांचे वेतन ४५० रुपये होते. तरी ते परळच्या चाळीत काटकसरीने राहिले, माता रमाईंनी ठरावीक रकमेत संसार केला. ही शिल्लक आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५,००० रुपये यांच्या बळावर १९२० साली ते लंडनला शिक्षणासाठी गेले. पुढे त्यांच्याच बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी आपल्या सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. त्या कर्जातून विद्या आली व विद्येचा लाभ समाजास झाला. मांडव आणि पंगतीसाठी काढलेल्या कर्जातून आमच्या घरी केवळ व्याज उरले.

आज आपल्यापैकी अनेकांना नियमित वेतन आहे. त्याबरोबर लग्न, वास्तू, वाहन यांचे हप्तेही आले आहेत. म्हणून माजी विद्यार्थ्यांना व पालकांना एवढीच विनंती : कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी हा पैसा विद्येकडे जाणार की दोन दिवसांच्या कौतुकाकडे, हे घरातील सर्वांनी एकत्र बसून ठरवावे. त्या बैठकीत मुलांनाही बसवावे आणि हिशेबाची वही त्यांच्या हाती द्यावी.