तीन मातींतली तार

आमच्या तासगाव भागात द्राक्षबाग लावल्याची गोष्ट जो तो सांगतो, मोडल्याची कुणी सांगत नाही. बाग मोडायची म्हणजे नुसते वेल उपटायचे नसतात. अँगल असतात, ताणलेली जाड तार असते, आणि बांधायची बारीक तार तर मोजदादीपलीकडं. आमची बाग मोडायचं काम उक्तं दिलं होतं. गड्यांनी अँगल काढले, जाड तारेची भेंडोळी ओढ्याकाठी नेऊन टाकली, आणि बारीक तार पक्कडीनं तोडून रानातच सोडली. पुढं तिथं मका केली.

दोन वर्षांनी आमची गाय कुंथायला लागली. वैरण सोडली. कोपरं बाहेर काढून उभी राहायची, उताराला पाय टाकायची नाही. गळ्याखालची पोळी सुजली. डॉक्टर म्हणाले, पोटात तार असणार. गाय चावून निवडत नाही, गिळते. लोखंडाचा तुकडा जाळीदार पोटात जाऊन पडतो, आणि तिथून पुढं पातळ पडद्यापलीकडंच हृदय असतं. गाय गेली. चिरून बघितलं तेव्हा हृदयाच्या पिशवीतून दीड बोटाची तार निघाली.

गोठ्यात तिचीच कालवड होती, पहिलटकरू, गाभण. आमच्या मंडळींनी निक्षून सांगितलं, "आधी रान निवडा. नाहीतर हिला बी इकून टाका."

माझा एक भाचा पाईपलाईनची कामं करतो. गाडलेले लोखंडी व्हॉल्व्ह हुडकायला त्याच्याकडं मेटल डिटेक्टर आहे. तो आला तो तीन थाळ्या घेऊन. थाळी म्हणजे कॉइल, दांड्याच्या टोकाला असते ती. मी म्हटलं, "मोठी लाव, लवकर उरकंल." तो म्हणाला, "मामा, मोठी थाळी खोलवर बघती, पण मोठ्या वस्तूला. बारक्या तारेला ती चुकवती. शिवाय जेवढी थाळी मोठी, तेवढी जास्त माती ती एका वेळी बघती, आणि आपली मातीच लोखंडाची."

हे मला नवीन होतं. आपला काळा दगड लाव्हाचा. त्यात लोहचुंबकी खनिज असतं, आणि त्या दगडाची झीज होऊनच आपली काळी माती झाली. यंत्राला ती माती स्वतःच बोलते. म्हणून आधी यंत्राला मातीची ओळख करून द्यावी लागते. तार नसलेल्या जागी थाळी खालीवर करत आवाज शांत होईपर्यंत जुळवायचं. त्याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. रान बदललं की पुन्हा जुळवायचं.

माळावरच्या मुरमात सहा इंची थाळी चालली. तिथं तुकडे जवळजवळ होते. मोठी थाळी दोन-तीन तुकड्यांचा एकच आवाज करते, लहान थाळी प्रत्येकाचा वेगळा सांगते. मधूनमधून काळा दगडही बोलायचा. तो उचलून बांधावर टाकायचा.

ओढ्याकाठच्या काळीत खरी परीक्षा झाली. साधी गोल थाळी, जिला कॉन्सेंट्रिक म्हणतात, तिची नजर खाली गाजरासारखी निमुळती जाते. जागा बरोबर दाखवते, पण काळ्या मातीत बरळते. मग भाच्यानं डीडी लावली. तिच्यात इंग्रजी डी अक्षरासारखी दोन वेटोळी एकमेकांवर चढवलेली असतात. तिची नजर विळ्याच्या पात्यासारखी अरुंद पट्टीत जाते, त्यामुळं मातीचा गोंधळ कमी. तरी भेगांवर आवाज यायचाच. शेवटी कुळवानं रान सारखं केलं, आणि थाळी जमिनीला समांतर धरून हळूहळू, आधीच्या पट्ट्यावर निम्मी चढवत फिरवली.

आणखी एक गंमत. हे यंत्र घेणारे बहुतेक लोक सोन्याच्या मागं असतात, म्हणून लोखंडाला गप्प बसवायची सोय त्यात असते. आम्ही ती सोय बंद केली. आम्हाला लोखंडच पाहिजे होतं.

पण गावाला ते कसं पटावं? तिसऱ्या दिवशी बांधावर माणसं जमली. गुप्तधन लागलं काय, म्हणून एकानं कानात विचारलं. मी त्याला १८७८ चा कायदा सांगितला. जमिनीत दहा रुपयांच्या वरचं धन सापडलं तरी कलेक्टरला कळवावं लागतं. तो हसला. त्याला तुकड्यांचा डबा दाखवला, तेव्हा हसायचा थांबला. त्याचीही बाग मोडायची होती.

भाच्यानं एक जुनी हकिगत सांगितली. १८८१ साली अमेरिकेच्या अध्यक्षाला, गारफील्डला, गोळी लागली. ती अंगात कुठं आहे ते हुडकायला टेलिफोनवाला बेल असलंच यंत्र घेऊन गेला. पण बिछान्यात पोलादी तारा होत्या. यंत्र घोटाळलं, अध्यक्ष वाचला नाही. मला आमची गाय आठवली.

राहिला खालचा क्षारपड कोपरा, पॅरा गवताचा. ओली खारी माती वीज वाहून नेते, त्यामुळं तिथं यंत्र जागोजागी ओरडतं. वाफसा आल्यावर लहान डीडी लावली, यंत्राचं कान थोडं कमी केलं, थाळी दोन बोटं वर धरली. दोन्ही बाजूंनी फिरवून त्याच जागी पुन्हा आवाज आला तरच उकरायचं. एकदाच बोलून गप्प झालं तर ती माती.

आठ दिवसांत अर्धं घमेलं तुकडे निघाले. डॉक्टरांनी कालवडीला चुंबक गिळवला. तो पोटातच राहतो आणि आलेलं लोखंड धरून ठेवतो. कालवड व्याली, पाडी झाली. कुट्टी मशिनच्या तोंडालाही आता चुंबक बसवलाय. माळाची आणि काळीची वैरण घालतो. क्षारपड कोपऱ्याची खात्री झालेली नाही, तिथलं गवत अजून गोठ्यात येऊ देत नाही.