सुरीचे पाणी

खंडेनवमीला आमच्या देवघरापुढच्या पाटावर आयुधे मांडली जातात. विळे, कोयता, खुरपी, पहार, मुलाच्या मोटारसायकलीचा पाना, सुनेची कापड बेतायची कात्री. सगळ्यांत शेवटी मी कपाटातून तेलकट फडक्यात गुंडाळलेली एक आखूड सुरी काढून आणतो. तिलाही हळदकुंकू लागते, झेंडूचे फूल वाहिले जाते. नातवंडे दरवर्षी विचारतात, "आजोबा, ही कशाची?" मी सांगतो, "शिकारीची." यंदा धाकट्याने पुढचा प्रश्न विचारला, "हिने किती जनावरे मारलीत?"

एकही नाही, हे खरे उत्तर. मारण्याचे काम बंदुकीचे. सुरीचे काम त्यानंतर सुरू होते. पण पोराला ते नीट सांगता आले नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

आमचे गाव खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटीकडच्या रानाला लागून. घरात मराठी, बाजारात कानडी, आणि रानात दोन्ही बंद, कारण तिथे बोलायचेच नसते. बाबांकडे पीक राखण्यासाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. सुगीच्या आधी रानडुकरे भातात उतरत. एका रात्रीत अर्धे शेत नांगरल्यासारखे उकरून ठेवत. मग गावातली पंधरा-वीस माणसे जमत, हाका होई आणि एखादे डुक्कर पडे. ते सोलायला, फाडायला घरातला कोयताच वापरत. कोयत्याने लाकूड तुटते, मांस मात्र चेचते. हाडांचा चुरा मांसात शिरतो आणि जेवताना दातांखाली येतो. १९६२ साली बाबांनी ठरवले की या कामासाठी वेगळी सुरी करून घ्यायची.

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. बाबांबरोबर कंबारमामांच्या भट्टीवर गेलो. कानडीत लोहाराला कंबार म्हणतात, म्हणून ते आमचे कंबारमामा. जिल्हा म्हैसूर राज्यात जाऊन सहा वर्षे झाली होती. मोठी माणसे त्यावर पारावर तावातावाने बोलत. मामांच्या भट्टीपुढे मात्र दोन्ही भाषा एकाच भात्यावर चालत. बाबांनी बेळगावात कुठेतरी पाहिलेल्या लांबलचक सुरीचे वर्णन केले. मामांनी ऐकून घेतले आणि विचारले, "दादा, कापणार काय ते सांगा. कुणाला दाखवणार ते नको."

"डुक्कर. कधी भेकर."

"मग लांब कशाला? लांब सुरी भीती घालायला. कामाला आखूड."

त्यांनी बाबांचा उजवा पंजा हातात घेतला. सुतळीने चार बोटांची रुंदी मोजली. मग ओल्या मातीचा गोळा दिला आणि घट्ट आवळायला सांगितला. मातीवर उमटलेली ती मूठ वाळेपर्यंत भट्टीच्या कोनाड्यात होती. शिसवीची मूठ मामांनी तिच्यावरून बेतली. रक्त आणि चरबी लागली की गुळगुळीत मूठ हातातून निसटते, म्हणून तिला रंधा मारून चकाकी आणली नाही. लाकूड मुद्दाम थोडे खरबरीत ठेवले.

पात्यासाठी त्यांनी मोडीत निघालेल्या ट्रकच्या कमानीचा पाटा घेतला. कमानीचे पोलाद लवचीक असते आणि पाणी धरते. लोणारी कोळशावर तो लाल करून, घणाखाली काढून, त्यांनी चार बोटे लांबीचे पाते घडवले. पाठ जाड, पोटाला गोलाई, टोक पाठीच्या रेषेपेक्षा थोडे खाली आणलेले. टोक वर असले तर पोट उघडताना ते आतड्यात घुसते. गोलाई अशासाठी की कातडे सोडवताना सुरी ओढत न्यावी, खुपसू नये. प्रत्येक वळणाला कारण होते, आणि मामा ते आपण होऊन सांगत नसत, विचारले तरच सांगत.

पाणी द्यायला त्यांनी आम्हाला संध्याकाळी बोलावले. दिवसा उजेडात तापलेल्या लोखंडाचा रंग कळत नाही. छपराखाली अंधारून आल्यावर त्यांनी पाते तापवले आणि उगवत्या सूर्यासारखे तांबडे होताच डब्यातल्या तेलात बुडवले. मी विचारले, "मामा, पाणी म्हणता आणि तेलात घालता?" ते हसले. म्हणाले, कमानीचे पोलाद पाण्यात घातले तर तडकते. शब्द पाण्याचा, काम तेलाचे. बाहेर काढलेल्या पात्यावर कानस फिरवली तर ती काचेवरून सरकावी तशी सरकली. "आत्ता हे काचच आहे. दगडावर पडले तर दोन तुकडे."

मग त्यांनी पाते दगडावर घासून उजळ केले आणि निखाऱ्यांपासून दूर धरून हळूहळू परत तापवू लागले. उजळ पोलादावर आधी फिकट पिवळा रंग आला, मग गवताच्या काडीसारखा. पाठीच्या बाजूने तो तपकिरी होऊ लागला. "आता जांभळा येईल, मग निळा. निळ्यावर गेले की पुन्हा कमान झाली, धार राहणार नाही. पिवळ्यावर थांबायचे." त्यांनी पाते चटकन विझवले. माणसालाही तसेच थांबता आले पाहिजे, असे बाबा वाटेत म्हणाले. मला तेव्हा ते मास्तरांसारखे वाटले आणि कंटाळा आला.

पुढे पाच-सहा वर्षे ती सुरी दर हिवाळ्यात कामाला आली. पाहून पाहून मला सारे पाठ झाले होते. आधी वाळलेल्या गवतावर डुकराचे केस भाजायचे, मग पाते आडवे धरून कातडी खरवडायची, पाणी ओतून धुवायची. त्यानंतर पोट. धार आभाळाकडे, डाव्या हाताची दोन बोटे पात्याच्या दोन्ही अंगांना, आणि बोटांनी कातडी वर उचलत पुढे सरकायचे. आतडे आणि मूत्राशय अखंड बाहेर आले पाहिजे. काळजाला चिकटलेली पित्ताची पिशवी फुटली तर सगळे काळीज कडू. आणि हे सगळे लवकर, कारण मेलेल्या जनावराच्या अंगातली ऊब मांस नासवते.

सोळाव्या वर्षी बाबांनी सुरी माझ्या हातात दिली. भोवती गाव उभा होता. मला हात कसा चालतो ते दाखवायचे होते. मी बोटे न घालताच पुढे रेटले आणि पाते आतड्यात गेले. घाण मांडीच्या आतल्या मांसावर पसरली, वास आला. कुणीतरी हसले. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्या हातातून सुरी घेतली, पाणी मागवले, भरलेले मांस कापून टाकले आणि उरलेले काम पुरे केले.

नंतर वाटे पडले. आमच्याकडे त्याची रीत अशी होती की सागाच्या पानांवर सारखे ढीग मांडायचे. बंदुकीचा एक, कुत्र्यांच्या मालकांचा एक, हाकेऱ्यांना माणशी एकेक, देवाचा एक, आणि ज्या घरात हाक्याला यायला पुरुष नाही त्या घरांचेही. मग एकाने ढिगांकडे पाठ करून उभे राहायचे. दुसऱ्याने ढिगावर काठी टेकून विचारायचे, "हा कुणाचा?" पाठमोरा माणूस नाव घेई. त्याला ढीग दिसत नसे, त्यामुळे कुणी कुणावर रुसत नसे. कानडी घरे त्याला पालु म्हणत, आम्ही वाटा. मापात फरक नव्हता.

त्या दिवशी नावे घ्यायच्या आधी बाबांनी मांडीचा तो ढीग उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "हा माझा." धुतले तरी वास पुरता गेला नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होते. घरी आईने ते पुन्हा दोनदा धुतले, भरपूर आले-लसूण घालून शिजवले. बाबा रोजच्यासारखे जेवले. माझ्या ताटातही वाढले. मी ते खाल्ले. त्या एका जेवणात मला सुरी कशासाठी असते ते कळले. ज्याच्या हातून चुकते त्याने नासका वाटा आपल्या पानात घ्यायचा.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. शहरातल्या लोकांचा कायदा, म्हणून गावात पुष्कळांनी तो हसण्यावारी नेला. बाबांनी नेला नाही. भेकराची ओरड पूर्वी रोज रात्री ऐकू यायची, ती आठवड्यातून एकदा येऊ लागली आहे, हे त्यांनी कायद्याच्या आधीच बोलून दाखवले होते. त्यांनी सुरी साफ केली, तेल लावले आणि फडक्यात बांधली. चामड्याच्या म्यानात ठेवली नाही, कारण चामडे ओल धरते आणि पाते गंजते. परवाना घेऊन होणारी शिकारही १९९१ च्या दुरुस्तीने संपली. तोवर बाबा राहिले नव्हते. आमच्या तालुक्यात २०११ साली भीमगड अभयारण्य जाहीर झाले. कंबारमामाही कधीच गेले. त्यांच्या भट्टीच्या जागी आता वेल्डिंगचे दुकान आहे.

तीन वर्षांपूर्वी माझा पुतण्या एका संध्याकाळी आला. त्याने बाहेरून मागवलेली एक सुरी दाखवली. दोन जातींच्या पोलादाचे थर एकावर एक देऊन घडवलेले पाते, त्यावर लाटांसारखी नक्षी. फार सुंदर काम होते. मी हातात घेऊन तसे म्हणालोही. मग तो हळूच म्हणाला, "काका, आजोबांची ती द्या ना एका रात्रीसाठी. घराण्याची आहे." रात्री जीप, बॅटरी आणि दोन मित्र असा बेत होता. मांस गिऱ्हाइकाला ठरलेले होते.

मी नाही म्हणालो. शेताचे नुकसान होत असेल तर वनखात्याकडे अर्ज करायचा, रीतसर परवानगी मागायची, असे सांगितले. तो उठला. "एकरभर भात लोळवलाय डुकरांनी. तो कोण भरून देणार? आजोबांनी खाल्ले ते चालले, आम्ही केले की गुन्हा?"

मला उत्तर सुचले नाही. त्याचे नुकसान खरे होते, आणि त्या काळातल्या हाक्याचा आनंद मीही घेतला होता, हेही खरे. तो गेला तो गेलाच. दोन दिवाळ्या आमच्या घरी फिरकला नाही. वाटेत भेटला तरी मान वळवतो.

उत्तर मला नंतर, सुरीला तेल लावताना सुचले. बाबांच्या हाक्यात गाव होता. कोण आले, किती पडले, कुणाला काय गेले, सारे दिवसाउजेडी. रात्रीच्या जीपमध्ये वाटा कुणाचाच नसतो, फक्त भाव असतो. हल्ली रानात तारेचे फासेही सापडतात. फास डुकरासाठी लावलेला असतो, पण त्यात कोण अडकले हे फासाला कळत नाही, आणि लावणारा ते पाहायला थांबत नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट ही की आजोबा थांबले होते. सुरी हाती असताना, धार शाबूत असताना थांबले. पिवळ्यावर थांबायचे, हे कंबारमामांचे शब्द त्यांनी लक्षात ठेवले होते. हे पुतण्याला सांगायला हवे. पण मान वळवणाऱ्याला सांगायचे कसे?

सुरी अजून रिकामी बसत नाही. खंडेनवमीला पूजा झाली की मी तिने लाल भोपळा कापतो. पाते आखूड, भोपळा मोठा, म्हणून चहूकडून फिरवत कापावा लागतो. मग भाऊबंदांच्या घरांचे वाटे करतो आणि घरोघर घारगे होतात. यंदा पाच वाटे केले. धाकट्या नातवाला पाठ करून उभे केले आणि विचारले, "हा कुणाचा?" पुतण्याचे नाव तिसऱ्या ढिगाला आले. गेल्या दोन वर्षांप्रमाणे याही वर्षी तो ढीग ताटलीत घालून नातवाच्या हाती पाठवला. दोन्ही वर्षी ताटली धुऊन, रिकामी परत आली होती.

यंदा ती रिकामी आली नाही. तिच्यात दसऱ्याला दाराला बांधायच्या भाताच्या लोंब्या होत्या. निम्म्या भरलेल्या, पिवळ्याधमक. निम्म्या चिखलाने माखलेल्या, देठात मोडलेल्या, डुकरांनी लोळवलेल्या वाफ्यातल्या. नातू म्हणाला, "आजोबा, या घाण झालेल्या टाकून देऊ?"

मी म्हणालो, "नको." सगळ्या लोंब्यांची एकच जुडी केली आणि आमच्या दाराला बांधली.