कावळा कुणालाच शिवत नाही

मुलींनो, आजचा विषय घरात बहुधा कुजबुजतच निघतो. (मुलांनो, तुम्हीही वाचा बरं का. पान उलटू नका!)

माझ्या लहानपणी आई महिन्यातून चार दिवस बाजूला बसायची. का, म्हणून विचारलं की आजी म्हणायची, "तिला कावळा शिवलाय." मी अंगणात जाऊन तो कावळा शोधायची. आईलाच कसा शिवतो, मला का नाही? उत्तर मिळालं ते थेट माझी पाळी आली त्या दिवशी. तेही काय, तर "कशाला शिवू नकोस" एवढंच.

पाळी साधारण ९ ते १६ या वयात कधीही सुरू होते. म्हणजे चौथी-पाचवीतसुद्धा. काही वर्षांपूर्वी माझ्या पाचवीच्या वर्गातली एक मुलगी तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी आली आणि हळूच म्हणाली, "बाई, माझं दप्तर धाकट्या बहिणीला दिलं तर चालेल?" का गं, म्हटलं, तर रडायलाच लागली. रक्त जातंय म्हणजे आपण आता जगत नाही, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. घरी आई होती, आजी होती. तरी तीन दिवस पोर एकटी घाबरत राहिली.

म्हणून आधीच सांगते. तुमच्या ओटीपोटात मुठीएवढी एक पिशवी असते, गर्भाशय. पाहुण्यासाठी गोधडी अंथरावी तसं त्यात दर महिन्याला मऊ अस्तर तयार होतं. पाहुणा, म्हणजे बाळ, येणार नसलं की ते अस्तर थोड्या रक्ताबरोबर बाहेर पडतं. ही झाली पाळी. आजार नाही, जखम नाही आणि विटाळ तर नाहीच नाही. रक्त किती जातं, ते मी वर्गात पाणी मोजून दाखवलं. सगळ्या दिवसांचं मिळून साधारण दोन-तीन मोठे चमचे. "एवढंच?" सगळ्या एकदम ओरडल्या. पहिली एक-दोन वर्षं तारीख मागेपुढे होते. पोट दुखतं, उगाचच रडू येतं. फारच त्रास झाला तर मात्र डॉक्टरांकडे जायचं.

पण खरं सांगू? मुलींना रक्तापेक्षा "आता तू मोठी झालीस" हे वाक्य जास्त लागतं. लगेच लंगडी बंद, सायकल बंद! आईबाबांनो, दहा वर्षांची मुलगी पाळी आल्यावरही दहा वर्षांचीच असते हो. तिला खेळू द्या. लोणच्याला हात लावू द्या. नासत नाही, मी दरवर्षी घालते. २०१८ साली अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींसाठी ५ रुपयांत ८ पॅडचं पाकीट आलं. पॅड सरकार देईल, पण वेणी घालता घालता दोन शब्द आईनंच सांगायला हवेत. पाळी यायच्या आधी!

आणि मुलांनो, एखादीच्या स्कर्टवर डाग दिसला तर हसायचं नाही. कमरेला बांधायला आपला स्वेटर द्यायचा.

माझ्या वर्गातल्या कपाटाचा खालचा खण पॅडसाठी आहे. "बाई, खालचा खण" एवढं म्हटलं की मी किल्ली देते, कारण विचारत नाही. परवा चौथीतली एक चिमुरडी किल्ली मागायला आली. खण उघडला, वाकून पाहिलं, पुन्हा बंद केला.

"काही नको बाई," म्हणाली, "नुसतं बघून ठेवलं."