हवा धरलेली गाडी

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेट घेते. पण तीच हवा नळीत शिरली, की गाडी रुसलीच म्हणून समजा! वाशिमच्या थंडीत आमची गाडी रोज पहाटे रुसे, आणि काकूंना तर आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिससाठी न्यायचे. शेजाऱ्यांनी नवी बॅटरी सुचवली. (त्यांचे काय जाते!)

मिस्त्री म्हणाला, "काकाजी, बॅटरी कायले बदलता? गाडीनं हवा धरली." टाकीकडून पंपाकडे डिझेल ओढले जाते; त्या नळीला चीर पडली तर थेंबही न गळता हवा आत शिरते आणि रात्रीतून डिझेल टाकीत उतरते. त्याने पारदर्शक नळी जोडून बुडबुडे दाखवले. मग रबरी नळी, क्लिपा, वायसर बदलले, हातपंपाने हवा काढली. मंगळवारी पहिल्याच सेल्फला गाडी लागली. काकूंची वेणीसुद्धा अजून व्हायची होती!